ब्रह्मगिरीची फेरी

नाशिकला समुद्र नाही. पण समुद्राची हवा अंगावर घ्यायची असेल, तर श्रावणात त्र्यंबकला यावं. शहरापासून जेमतेम तीस किलोमीटर. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिकडून निघालेले ढग त्र्यंबकच्या डोक्यावरच्या ब्रह्मगिरी डोंगराला अडतात, कडा चढतात आणि गार होऊन रिते होतात. म्हणून नाशकात कोरडं ऊन असतं तेव्हाही त्र्यंबकला छत्री उलटी होते.

(दृश्य : कुशावर्त कुंड, पहाट. पायऱ्यांवर ओली गर्दी.)

फेरी म्हणजे ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा. कुशावर्तात बुडी मारायची आणि निघायचं. डोंगर कायम उजव्या हाताला. छोटी फेरी साधारण वीस किलोमीटरची. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची फेरी सगळ्यात मोठी. आदल्या रात्रीपासून जादा एसटी भरभरून येतात, अनवाणी पोरं "बम बम भोले" करत अंधारात चालत सुटतात. उपासाची खिचडी, केळी, चहा वाटेवर कुणी ना कुणी हातात ठेवतंच. मजा असते, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर अंधारात डोंगर दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दिसतात ते टाकलेले प्लॅस्टिकचे रेनकोट. आम्ही फेरी करतो ती साध्या वारी, उजेडात.

(दृश्य : भातखाचरं, धुकं.)

पेगलवाडी मागे पडते. वाट पहिन्याकडे चढू लागते. खाचरांत भात गुडघाभर वाढलेला, वरच्या उतारावर नागली आणि वरई. बांधाच्या बिळातून बोटभर खेकडा बाहेर येतो, नांगी उगारतो आणि बुटाची सावली पडली की मागच्या मागे आत. इथे हवेचा भरवसा धरू नये. ऊन पडलं म्हणून रेनकोट काढून घडी घालेपर्यंत सर आलेली असते. धुकं उतरलं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते.

याच डोंगरात वाघाच्या भीतीने निवृत्तीनाथ घरच्यांपासून चुकले आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचले, असं सांगतात. त्यांचे वडील विठ्ठलपंत मुलाबाळांसह निघाले होते तेही प्रदक्षिणेलाच. निवृत्तीनाथांची समाधी खाली त्र्यंबकातच आहे.

आणि मग चढ संपतो. फेरीतली आमची लाडकी जागा ही. पाटी नाही, देऊळ नाही, पण ओहळांकडे बघा. आतापर्यंत पाणी गोदावरीकडे धावत होतं. ते १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणार. उतार लागला की पाणी पाठ फिरवतं, वैतरणेकडे निघतं. त्यातलं बरंचसं धरणात अडून मुंबईच्या नळाला येतं. उरलेलं अरबी समुद्रात, म्हणजे ढग जिथून आले तिथे. एकाच सरीचे थेंब, पडले दोन हातांच्या अंतरावर, आणि समुद्र दोन.

(दृश्य : काळा कडा, तेरड्याचा गुलाबी उतार.)

पश्चिमेच्या बाजूला वारा जोराचा. शेवाळलेल्या दगडावर टाच टेकवू नका, चवडा टाका. गावातली बायामाणसं डोक्यावर भारा घेऊन तशीच उतरतात. सापगावाकडून वळलं की कडा पुन्हा ओळखीचा वाटायला लागतो आणि पाय बोलायला लागतात.

ज्यांचे तरीही बोलत नाहीत, त्यांच्यासाठी मोठी फेरी आहे : हरिहर किल्ल्यालाही वळसा घालणारी, सुमारे चाळीस किलोमीटरची. तिला मात्र पहाटेच निघावं लागतं.