पारिहाकाचा नांगर

श्रोतेहो, नमस्कार.

जमिनीवर नांगर फिरवण्याचा अर्थ मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आदिलशाही सरदाराने पुणे उद्ध्वस्त करून तिथे गाढवांचा नांगर फिरवला आणि पुढे जिजाबाईंनी बाळ शिवाजीच्या हातून त्याच मातीत सोन्याच्या फाळाचा नांगर चालवला, ही परंपरेने चालत आलेली कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते. आज मी ज्या नांगराविषयी बोलणार आहे, तो १८७९ साली न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, तारानाकी पर्वताच्या पायथ्याशी चालला, आणि तो चालवणारे माओरी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, हातात शस्त्र न घेता स्वतःच्याच जमिनीवर हक्क सांगत होते.

त्याआधी काय घडले, ते थोडक्यात सांगतो. १८४० साली वैतांगी येथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात करार झाला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात माओरींनी सार्वभौमत्व सोडल्याचे लिहिले होते, तर बहुतेक प्रमुखांनी ज्यावर सही केली त्या माओरी मसुद्यात केवळ कारभार पाहण्याचा अधिकार दिला होता. जमिनीवरचा माओरींचा हक्क मात्र दोन्ही मसुद्यांनी मान्य केला होता. तरीही वीस वर्षांतच, वैतारा येथील जमीन विकायला विरेमू किंगी या प्रमुखाने नकार दिल्यावर, तारानाकीत युद्ध पेटले. १८६३ च्या कायद्याने ‘बंडखोरां’ची जमीन सरकारजमा करण्याची सोय केली आणि १८६५ मध्ये तारानाकीतली सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाल्याचे जाहीर झाले. ज्यांनी कधी बंदूक उचलली नव्हती, त्यांच्याही जमिनी त्या रेषेच्या आत होत्या.

पारिहाका हे गाव या जप्तीनंतर, १८६० च्या दशकात वसले. ते व्हिती ओ रोंगोमाई (‘ते’ हा नावाचाच भाग) आणि तोहू काकाही हे त्याचे दोन नेते. युद्धात घरदार गमावलेले लोक दूरदुरून तिथे येत गेले, शेते पिकू लागली, आणि शस्त्र हाती घ्यायचे नाही हा गावाचा नेम ठरला. जप्ती बरीच वर्षे कागदावरच होती. जमीन माओरीच कसत होते. १८७८ मध्ये सरकारी मोजणीदार आले आणि लोकांच्या उभ्या पिकांतून रेषा आखू लागले, तेव्हा पारिहाकाच्या लोकांनी मोजणीच्या खुंट्या उपटल्या आणि १८७९ च्या मार्चमध्ये मोजणीदारांना त्यांच्या सामानासकट सरहद्दीबाहेर नेऊन सोडले. त्याच वर्षी मे महिन्यात नांगर निघाले.

ज्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटल्या गेल्या होत्या, त्यांच्या कुरणांत शिरून हे लोक शांतपणे तास ओढू लागले. सर्वांत मानाच्या माणसांनी आधी नांगराला हात लावायचा, असे ठरले होते. त्यांत तीतोकोवारू होता. दहा वर्षांपूर्वी वसाहतीच्या फौजेला लागोपाठ पराभव दाखवणारा हा सेनानी आता नांगर धरून उभा होता आणि शिपाई पकडायला आले तेव्हा त्याने प्रतिकार केला नाही. या एका दृश्यापाशी मी नेहमी थांबतो. लढू शकणाऱ्याने हात आवरणे किती कठीण असते, ते तिथे दिसते. एक टोळी पकडली की दुसरी येई. शेकडो लोक तुरुंगात गेले. मग सरकारने कायदे करून त्यांचे खटले पुढे ढकलले आणि बहुतेकांना न्यायालयासमोर उभे न करताच दक्षिण बेटावरच्या तुरुंगांत पाठवले. तिथे त्यांना सक्तमजुरीला जुंपले, आणि काही जण परत आलेच नाहीत. १८८० मध्ये सरकारने शेतांतून रस्ता काढताना कुंपणे तोडली, तेव्हा लोक ती रोज पुन्हा उभारू लागले, आणि कुंपण घालणे हाही गुन्हा ठरला.

५ नोव्हेंबर १८८१ रोजी सकाळी मंत्री जॉन ब्राइस सुमारे १६०० सशस्त्र माणसे घेऊन पारिहाकावर चालून आला. जवळच्या टेकडीवर तोफ रोखलेली होती. वेशीपाशी त्यांच्यासमोर आली ती गाणी म्हणणारी, दोरीवरच्या उड्या मारणारी मुले. फौजेसाठी पाव भाजून ठेवलेले होते. मोठी माणसे मधल्या चौकात मूकपणे बसून होती. ते व्हिती आणि तोहू यांना पकडून नेले, तेव्हाही कोणी हात उगारला नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत घरे पाडली गेली, पिके नष्ट केली गेली, सुमारे १६०० लोकांना हाकलून दिले गेले आणि स्त्रियांवर बलात्कार झाले. सत्याग्रह हा शब्द जन्माला यायला तेव्हा अजून पाव शतक होते.

दोघा नेत्यांवर खटला कधीच चालला नाही. १८८३ मध्ये ते परतले, गाव पुन्हा बांधले गेले, आणि १९०७ साली काही महिन्यांच्या अंतराने दोघेही वारले. न्यूझीलंड सरकारने पारिहाकात येऊन माफी मागितली ती ९ जून २०१७ रोजी. त्या वेळी ९० लाख डॉलरचा निधी जाहीर झाला आणि बलात्कारांची कबुलीही उघडपणे दिली गेली. ती कबुली मला निधीपेक्षा मोठी वाटते, कारण गावातल्या घराघरांनी ती गोष्ट १३५ वर्षे मनात वागवली होती.

पण जमिनीचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. माओरींसाठी म्हणून जी थोडी जमीन राखून ठेवली होती, तिचा कारभारही सरकारी विश्वस्ताकडे गेला, आणि १८९२ च्या कायद्याने ती वसाहतवाल्यांना कायमच्या भाडेपट्ट्याने देता येऊ लागली. दर २१ वर्षांनी पट्टा नव्याने चालू होणार आणि खंड तेव्हाच बदलणार. आपल्याकडे कूळकायद्याने कसणाऱ्या गरिबाला आधार दिला. तिथे कूळ होता तो वसाहतवाला आणि मालक होता तो स्वतःच्या शेतावर पाय ठेवू न शकणारा माओरी. १८९७ साली या पट्ट्यांविरुद्ध तारानाकीत पुन्हा नांगर चालले आणि पुन्हा अटका झाल्या. त्यांतल्या पुष्कळ जमिनींवरचे कायमचे पट्टे आजही चालू आहेत.