स्कारा ब्रेचे लोक उकिरड्यात राहत नव्हते! ऑर्कनीच्या पाच हजार वर्षं जुन्या घरांबद्दल

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात स्कारा ब्रेचा छोटा शॉर्ट टाकला होता, त्यात मी बोलून गेले की ही घरं जुन्या कचऱ्यात बसवलेली आहेत, आणि खाली कमेंट्सचा पाऊस. "म्हणजे उकिरड्यात राहायचे?" "शी, डुकरं पण असं राहत नाहीत." एका दादांनी तर लिहिलंय की दगडी कपाटं बनवण्याइतके हुशार लोक इतके घाणेरडे कसे. मंडळी, शब्द माझाच चुकला, कचरा म्हणायला नको होतं, म्हणून आज फक्त याच्यावर बोलते, कारण हे एक कळलं ना की ऑर्कनी कळायला लागतं.

बेसिक भराभर सांगते. ऑर्कनी म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या पलीकडची सत्तरेक बेटं, त्यातल्या वीसेक बेटांवर आज माणसं राहतात. नवाश्मयुग म्हणजे शेती आली, गुरं आली, मडकी आली, धातू अजून नाही. स्कारा ब्रे ही वस्ती साधारण इ.स.पू. ३१८० ते २५०० या काळातली, गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या आसपासचा, तर हो, पिरॅमिडच्या आधीची, हे आता परत विचारू नका. १८५० च्या हिवाळ्यात मोठं वादळ झालं, वाळूची टेकडी उघडी पडली, तिथले जमीनदार विल्यम वॉट यांनी खणायला घेतलं. नीट उत्खनन गॉर्डन चाइल्ड यांनी १९२८ ते १९३० मध्ये केलं, त्यांना ही वस्ती बरीच अलीकडची, लोहयुगातली वाटली होती, खरं वय १९७० च्या दशकात रेडिओकार्बनने, म्हणजे जुन्या हाडा-कोळशातल्या कार्बनवरून वय काढतात त्या पद्धतीने, कळलं.

आता मुद्द्यावर. याला इंग्रजीत मिडन म्हणतात. राख, शिंपले, हाडं, शेण, पालापाचोळा, फुटकी मडकी, हे सगळं वर्षानुवर्षं साठून, कुजून, दबून मऊ चिकणमातीसारखं झालेलं. वास मारणारा ताजा ढीग नाही हो! आधीच्या पिढ्यांच्या वस्तीचं जे मुरलेलं होतं त्याच्यात यांनी घरं बसवली, भिंतीच्या बाहेरून तेच दाबून भरलं.

हे मला पुस्तकात वाचून नीट कळलं नव्हतं. कळलं आईमुळे. दोन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे ॲबर्डीनला आली होती, तिला घेऊन गेले ऑर्कनीला. जून महिना, तरी वारा असा की आईने साडीवर माझं जॅकेट, त्यावर शाल, वर कानटोपी घातलेली. स्कारा ब्रेला मूळ घरांत उतरता येत नाही, वरून पायवाट आहे, तिथून खाली बघायचं. आई वाकून बघत होती. दारासमोरच दगडी फळ्यांचं ते कपाट, ते बघून म्हणाली, "अगं ही तर मांडणी!" आणि खरंच की, भांड्यांची मांडणी, आत येणाऱ्याला पहिली दिसेल अशी. मधे चौकोनी चूल, दोन्ही बाजूंना दगडी कडांचे पलंग, जमिनीत मातीने लिंपलेल्या छोट्या दगडी पेट्या. सगळं दगडाचं, कारण झाडं फार थोडी आणि दगड मात्र थराथराने सुटणारा, आपल्या शहाबादी फरशीसारखा.

मग तिने विचारलं, भिंतीमागे ही काळपट माती कसली? मी सांगितलं, जुन्या वस्तीची, राखेची. तर ती लगेच म्हणाली, "मग पांढरीच की गं ती."

मंडळी, मी तिथेच थांबले. आई बीड जिल्ह्यातली. मराठवाड्यातल्यांना सांगायला नको, शेतजमीन ती काळी आणि गावठाण ती पांढरी, आणि गावठाणाची पांढरी माती म्हणजे काय, तर पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंती, शेणामातीचे थर. हीच माती आपण माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर टाकतो, गढ्यांच्या भिंती हिच्याच. आजोबा मृगाच्या आधी बैलगाडीने पांढरी आणून धाब्यावर पसरायचे, चोपायचे, मग पाणी आत येत नसे. त्यांना कुणी म्हणालं का, उकिरडा डोक्यावर घेऊन राहता? मग ऑर्कनीवाल्यांना का म्हणायचं?

हे झालं एक. दुसरं, ही भर काय काम करते ते बघा. सुक्या रचलेल्या दगडाच्या भिंतीत फटी असतात. अटलांटिकचा वारा त्या फटीतून घुसला तर आत चूल टिकायची नाही. मिडन लावलं की फटी बुजल्या, वारा अडला, ऊब आत राहिली, आणि भिंतीला मागून आधार मिळाला. ऑर्कनीच्याच पापा वेस्ट्रे बेटावर नॅप ऑफ हावर म्हणून दोन जोडघरं आहेत, इ.स.पू. ३७०० च्या आसपासची, म्हणजे स्कारा ब्रेहून जुनी. तिथल्या भिंती दुहेरी, आत दगड बाहेर दगड आणि मधल्या पोकळीत मिडन ठासलेलं. म्हणजे आधी घर आणि मग कचरा साठला असं नाही, बांधतानाच ही भर घातलेली आहे. बांधकामाचं साहित्य आहे ते!

तिसरं. जे लोक घाणीत राहतात ते गटार बांधतील का? स्कारा ब्रेखाली दगडी नाल्या आहेत, काही घरांतल्या कोनाड्यांतून निघतात, ते बहुतेक संडास असावेत असं म्हणतात. पाच हजार वर्षांपूर्वी. हे वाचून पण कुणी "घाणेरडे" लिहिलं तर मी ती कमेंट पिन करून खाली हाच व्हिडिओ चिकटवणार.

आणि त्यांना या मातीची किंमत कळत होती. सँडे बेटावर टॉफ्ट्स नेसला ती शेतात खत म्हणून घातल्याचं मातीतच दिसतं. उलट नेस ऑफ ब्रॉडगरला, म्हणजे दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर सापडलेल्या नवाश्मयुगातल्या वास्तूंपाशी, तिचा प्रचंड ढीग रचून ठेवलेला. शेतकऱ्याने खत शेतात न घालता गावाच्या दर्शनी जागी रचलं तर का रचलं असेल? काही अभ्यासक म्हणतात, बघा आमच्याकडे किती आहे, हे दाखवायला. मला पटतं. ज्याच्या दारात खताचा मोठा ढीग त्याच्या गोठ्यात गुरं जास्त, हे गावाकडच्या माणसाला समजावं लागत नाही.

नेसबद्दल खूप जणांनी विचारलंय, तिथे जाता येतं का. उत्खनन २००४ ते २०२४ चाललं आणि मग सगळं परत मातीने झाकलं, कारण तो थराचा दगड उघड्यावर झिजतो. जवळच स्टेनेसचे उभे दगड, रिंग ऑफ ब्रॉडगर हे उभ्या दगडांचं वर्तुळ आणि मेजहाऊची समाधी आहे, ते बघता येतं. मेजहाऊला डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सुमारास मावळतीचं ऊन लांब बोळातून आत जाऊन मागच्या भिंतीवर पडतं, त्याचा वेगळा व्हिडिओ करते.

स्टोनहेंजचं, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या त्या उभ्या दगडांच्या वर्तुळाचं पण विचारताय. तिथला आल्टर स्टोन, म्हणजे मधोमध आडवा पडलेला मोठा दगड, ईशान्य स्कॉटलंडकडच्या खडकाचा आहे असं ऑगस्ट २०२४ मध्ये आलं, लगेच सगळीकडे "ऑर्कनीहून नेला" सुरू झालं. पुढच्याच महिन्यात दुसरा पेपर आला की ऑर्कनीच्या मुख्य बेटावरच्या दगडाशी तो जुळत नाही. तो फॉरवर्ड पाठवणं बंद करा प्लीज.

आणि स्कारा ब्रे म्हणजे "एका रात्रीत वादळात गाडलं गेलेलं गाव" हे पण. एका दाराच्या अरुंद जागेत तुटलेल्या माळेचे मणी सांडलेले सापडले, त्यावरून चाइल्ड यांनी घाईने पळालेली बाई कल्पिली. चित्र सुंदर आहे, पण आता बहुतेकांचं मत की लोक हळूहळू, बऱ्याच काळात निघून गेले. ते मणी, हाडाच्या टाचण्या, अगदी एक वळलेली दोरी आणि लाकडी मूठ, हे आपल्या हातात आलं ते त्या मुरलेल्या, ओल्या मातीमुळेच. कचरा म्हणून कुणी ती उपसून फेकली असती तर ती दोरी आज नसती.

निघताना आईने पायवाटेजवळच्या गवताला हात लावला आणि म्हणाली, आपलं बीडचं माळवद या वर्षी उतरवतायत, स्लॅब टाकणार. मी काही बोलले नाही.

तुमच्याकडे कुणाचं माळवद किंवा गढी अजून उभी असेल, आणि भिंत कुठे पडून आतला थर दिसत असेल, तर त्याचा फोटो पाठवा, राख, खापरं, हाडं काय दिसतंय ते जवळून घ्या. पुढच्या व्हिडिओत स्कारा ब्रेच्या थराच्या शेजारी ठेवून दाखवते.