बार अडतो कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेतलं, ते वेटलिफ्टिंगमध्ये. आज बोलायचंय पॉवरलिफ्टिंगवर. इथं स्क्वॉट (बार, म्हणजे वजनाची दांडी, खांद्यांवर घेऊन बसून उठणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं) या तिन्हींत उचललेल्या वजनांची बेरीज धरतात.

जिममध्ये पोरं रोज बायसेप्स मारतात आणि बेंच वाढत नाही म्हणून हैराण होतात. वाढेल कसा? दंडाचा मोठा भाग मागं, ट्रायसेप्समध्ये असतो आणि कोपर सरळ करणं हे काम त्याचं. बार छातीवरून सुटतच नसेल, तर छाती आणि खांद्याची पुढची बाजू वाढवा. वर येऊन अडत असेल, तर ट्रायसेप्ससाठी बारवर हात जवळजवळ धरून बेंच मारा.

सगळ्यात जास्त गफलत स्क्वॉटमध्ये होते. खालून उठताना कंबर झटकन वर येते, छाती खालीच राहते. बघणारे म्हणतात, पाठ कच्ची आहे. पुष्कळदा कच्ची असते ती मांडीची पुढची बाजू. ती कमी पडली की शरीर ओझं नितंबांवर आणि पाठीवर ढकलतं. मग पाठीचे व्यायाम कितीही वाढवले तरी चूक तशीच राहते. अशांनी आठवड्यातून दोनदा, मुख्य स्क्वॉट झाल्यावर, फ्रंट स्क्वॉटचे (बार खांद्यांच्या पुढच्या बाजूला धरून) ३ सेट, म्हणजे फेऱ्या, ६ ते ८ रेप्सचे, म्हणजे प्रत्येक फेरीत ६ ते ८ वेळा, आणि लेग प्रेसचे (यंत्रावर पायांनी वजन ढकलायचं) ३ सेट १० ते १२ रेप्सचे करावेत. अजून एकदोन रेप्स निघतील असं वाटेल तिथं सेट सोडा. तालमीतल्या बैठकांनी दम येतो, त्या सोडू नका. पण जड बारखाली लागणारं बळ जड वजनानंच येतं.

डेडलिफ्टमध्ये बार नडगीपासून पुढं सरकत असेल, तर बहुधा लॅट्स, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंचे रुंद स्नायू, कमी पडताहेत. बारबेल रोचे (पुढं वाकून बार पोटाकडं ओढायचा) ४ सेट मारा, ८ रेप्सचे, झटका न देता.

स्नायू वाढायला खाणं हवं. ७० किलोच्या माणसाला रोज साधारण ११० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम मिळतात. पिठलं, उसळ, शेंगदाणे धरून हिशेब घाला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दर आठवड्याला कमाल वजन आजमावू नका, दहा आठवडे जाऊ द्या. मग मित्राला बाजूनं मोबाईलवर चित्रण करायला सांगा आणि बघा, स्क्वॉटमध्ये कंबर आणि छाती आता एकाच वेळी वर येतात का.