कंपनीला हे हक्क दिले कोणी?

मंडळी, कंपनीला कायद्याने 'व्यक्ती' मानायला माझी हरकत नाही. तिने करार करावेत, जमीन घ्यावी, तिच्यावर दावा लावता यावा, यासाठी ती सोय हवीच. आपल्याकडे देवळातल्या मूर्तीच्या नावावरही जमीन असते. म्हणून कुणी मूर्तीचं नाव मतदार यादीत घालत नाही. अमेरिकेतलं भांडण त्याच्या पुढचं आहे. राज्यघटनेनं माणसाला दिलेले हक्क तिथे कंपनीकडे गेले कसे?

लोकांनी दिले नाहीत, एवढं नक्की. यादवी युद्धानंतर 1868 साली चौदावी घटनादुरुस्ती झाली ती गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना कायद्याचं समान संरक्षण मिळावं म्हणून. मग 1886 साली कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, सदर्न पॅसिफिक रेल्वेशी कराचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. निकाल लागला तो रुळांलगतच्या कुंपणांच्या कर-आकारणीवर! पण निकाल छापताना बॅन्क्रॉफ्ट डेव्हिस या न्यायालयाच्या वृत्तलेखकानं वरच्या टिपणात सरन्यायाधीश वेट यांचे तोंडी उद्गार घातले: ही दुरुस्ती कंपन्यांनाही लागू आहे असं आम्हा सर्वांचं मत आहे, त्यावर युक्तिवाद ऐकायचा नाही. मूळ निकालात यातलं काही नाही. पुढच्या खटल्यांनी मात्र त्या टिपणाचाच आधार घेतला. 1938 साली न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी हिशेब मांडला: या दुरुस्तीच्या पहिल्या पन्नास वर्षांत ती ज्या खटल्यांत लावली गेली, त्यांतले अर्ध्या टक्क्याहून कमी काळ्या लोकांच्या संरक्षणाचे होते, आणि निम्म्याहून अधिक खटल्यांत तिचा लाभ कंपन्यांना मागितला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. 1976 मध्ये निवडणुकीतला खर्च हा भाषणस्वातंत्र्याचा भाग ठरला, 1978 मध्ये सार्वमताच्या प्रचारात कंपन्यांना पैसा ओतायला मुभा मिळाली, आणि 21 जानेवारी 2010 रोजी 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्यांच्या स्वतंत्र निवडणूक खर्चावरची बंदी उठली.

लोक मात्र 2010 ची वाट पाहत थांबले नव्हते. उत्तर कॅलिफोर्नियात हम्बोल्ट नावाची काउंटी आहे, रेडवुडच्या जंगलांची. तिथले जिल्हा सरकारी वकील पॉल गॅलेगोस यांनी 2003 मध्ये पॅसिफिक लंबर या लाकूड कंपनीवर फसवणुकीचा दावा लावला. कंपनीची मालकी ह्यूस्टनच्या मॅक्सॅमकडे, म्हणजे शेकडो कोस दूर टेक्सासात. लवकरच गॅलेगोस यांना पदावरून परत बोलावण्याची मोहीम उभी राहिली आणि तिला पैसा याच कंपनीचा. 2004 मध्ये मतदारांनी ती मोहीम पाडली. पण लोक तिथे थांबले नाहीत. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि 2006 च्या जूनमध्ये 'मेझर टी' नावाचं स्थानिक कायद्याचं कलम मतपत्रिकेवर आणलं: बाहेरच्या कंपन्यांनी काउंटीच्या निवडणुकीत पैसा घालायचा नाही. सुमारे 55 टक्के मतांनी ते मंजूर झालं. दोन वर्षांत त्याला न्यायालयात आव्हान मिळालं आणि काउंटीनं माघार घेतली. कायदा गेला, पण सह्यांचे कागद घेऊन दारोदार जाणारी माणसं तयार झाली होती. पुढे घटना दुरुस्त करा म्हणणारी 'मूव्ह टू अमेंड' ही देशव्यापी चळवळ उभी राहिली, तिच्यात हम्बोल्टचे कार्यकर्ते आघाडीवर होते.

मला स्वतःला मोंटाना राज्य जास्त बोलकं वाटतं. तिथे तांब्याच्या खाणींचे राजे होते. 1903 मध्ये अमॅल्गमेटेड कॉपरनं खाणी बंद करून हजारो कामगार बेकार केले आणि राज्यपालांना विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलवायला भाग पाडलं. तो अनुभव गाठीशी असल्यानं 1912 साली लोकांनी स्वतः मतदान करून निवडणुकीतल्या कंपनीच्या पैशावर बंदी घातली. शंभर वर्षं ती टिकली. जून 2012 मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं तोंडी सुनावणीसुद्धा न घेता ती मोडली. त्याच नोव्हेंबरात मोंटानात प्रश्न मतदाराला विचारला गेला: कंपनीला माणसाचे घटनात्मक हक्क नाहीत, हे राज्याचं धोरण असावं का? सुमारे पाऊणशे टक्के लोक हो म्हणाले. त्याच दिवशी तिथे रिपब्लिकन मिट रॉम्नी आरामात जिंकले. म्हणजे हे डाव्यांचं खूळ आहे, ही टीका तिथे तरी टिकत नाही.

अशी मतदानं बंधनकारक नसतात. घटना बदलायला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि 38 राज्यांची मान्यता लागते. सिनेटमध्ये 2014 साली केवळ निवडणूक खर्चापुरता एक मसुदा आला, तोही अडला. 'मूव्ह टू अमेंड' म्हणते, नुसता पैसा आवरून भागणार नाही. हक्क हाडामांसाच्या माणसाचेच असं लिहा. प्रतिनिधी प्रमिला जयपाल यांनी तसा ठराव प्रतिनिधिगृहात मांडला आहे.

याला एक खरा आक्षेप आहे. अलाबामा राज्यानं एनएएसीपी या काळ्यांच्या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली, तेव्हा 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला संरक्षण दिलं. ती संघटनाही कायद्यानं कॉर्पोरेशनच. चळवळवाले म्हणतात, तिथे हक्क सभासदांचा होता, संघटनेचा नव्हे. बरोबर आहे. पण मग हा रस्ता कंपन्यांनाही खुला राहतो, आणि तो आपल्याकडे वापरून झालेला आहे. 1963 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात सांगितलं की कंपनी नागरिक नाही, तिला एकोणिसाव्या कलमाचे, म्हणजे भाषण, व्यवसाय वगैरेंच्या स्वातंत्र्याचे, हक्क नाहीत. पण भागधारक तर नागरिक असतो. 1970 मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाविरुद्ध रुस्तम कूपर हे भागधारक स्वतःच्या नावानं न्यायालयात गेले आणि तो कायदा रद्द झाला. दोन वर्षांनी बेनेट कोलमन या वृत्तपत्र कंपनीच्या प्रकरणात वृत्तपत्रांच्या मदतीला हीच वाट आली, आणि ते मला योग्यच वाटतं. वृत्तपत्राला ही वाट ठेवायची आणि लाकूड कंपनीला बंद करायची, हे कोणत्या शब्दांत लिहायचं, ते अमेरिकेतल्या मसुद्यात मला सापडलेलं नाही. तो लिहिणाऱ्यांनी आपले हे तीन निकाल एकदा वाचावेत.