नुसतं विचारल्यावर

(दृश्य : वाजणारा टेलिफोन)

१९८० साली स्टीव्हन शर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधासा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना फोन गेले. मागितलं काहीच नाही, फक्त विचारलं : कॅन्सर सोसायटीसाठी तीन तास वर्गणी गोळा कराल का, असं उद्या कुणी विचारलं तर तुम्ही काय म्हणाल? जवळपास निम्मे म्हणाले, हो म्हणू. काही दिवसांनी दुसऱ्याच कुणाचा तरी फोन आला, आणि आता काम खरोखरच मागितलं. शंभरात ३१ जण तयार झाले. आधी प्रश्नच न विचारलेल्यांत तयार झाले शंभरात ४.

(दृश्य : रक्ताची पिशवी हळूहळू भरते आहे)

२००८ साली हेच कॅनडातल्या क्युबेक प्रांतात दिसलं. पूर्वी रक्त दिलेल्या काहींना टपालाने प्रश्नावली गेली : पुन्हा रक्त देण्याचा विचार आहे का? पुढच्या सहा महिन्यांत त्यांची रक्तदानासाठीची नोंदणी इतरांपेक्षा ८.६ टक्क्यांनी जास्त भरली. ना आवाहन, ना बक्षीस.

असं का होतं? नक्की सांगता येत नाही, पण अंदाज असा : मनाच्या तळाशी पडलेली इच्छा प्रश्नाने वर येत असावी. किंवा उत्तर देताना आपण स्वतःलाच शब्द देऊन बसत असू, आणि मग तो मोडणं जड जात असेल. अनेक प्रयोग एकत्र पाहिले तर परिणाम लहानच आहे. पण रक्ताची एक पिशवी ज्याला हवी असते, त्याच्यासाठी ती लहान नसते.

‘कधी’ हेही विचारून पाहिलं गेलं. अमेरिकेतल्या एका कंपनीने फ्लूच्या लशीच्या आठवणपत्रात तारीख आणि वेळ लिहायला जागा ठेवली. साधं पत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांनी लस घेतली, ही जागा मिळालेल्यांपैकी ३७ टक्क्यांनी.

आता काळजीची गोष्ट. अमली पदार्थ घ्याल का, असं विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, तेव्हा पुढे त्यांचं सेवन वाढलेलं आढळलं. प्रश्नाला बरं-वाईट कळत नाही, मनात जी ओढ असेल तिलाच तो हात घालतो. म्हणून आरोग्याची पाहणी करणाऱ्याने प्रश्न औषधासारखा जपून द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : नोंदवहीची पानं)

संशोधकांची अडचण तर आणखी वेगळी. न विचारलेल्यांचं काय झालं, हे त्यांना विचारून कळणार नाही. विचारलं, की तेही विचारलेल्यांत जमा. क्युबेकमध्ये त्या लोकांना काहीच पाठवलं नव्हतं. ते रक्त द्यायला आले की नाही, हे रक्तदानाच्या नोंदींतून मोजलं.