गालिचा नाही, पण बीप-बीप आहे

नमस्कार श्रोतेहो.

कोयोटच्या हातावर तुरी देऊन धूळ उडवत पळणारा रोड रनर पक्षी तुम्ही कार्टूनमध्ये पाहिला असेल. 1968च्या मॉडेलसाठी अमेरिकेतल्या प्लिमथ कंपनीनं या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरण्याचा हक्क वॉर्नर ब्रदर्सकडून 50 हजार डॉलर देऊन घेतला. गाडी मोठ्या इंजिनाची, आणि तिच्या दारावर मुलांच्या कार्टूनमधला पक्षी! खिसा हलका आणि वेगाची हौस दांडगी असलेल्या तरुण गिऱ्हाइकाला अमेरिकन कंपन्यांनी कसं ओळखलं, हे या गाडीवरून फार छान कळतं. आज तिच्याचबद्दल बोलू या.

त्याआधी चार वर्षं मागं जावं लागेल. 1964च्या एप्रिलमध्ये फोर्डनं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग आणली. किंमत 2,368 डॉलर. आतून ती फोर्डच्याच फाल्कन या साध्यासुध्या घरगुती गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती, आणि त्या किमतीत मिळायचं ते सहा सिलिंडरचं बेताचंच इंजिन. पण बॉनेट लांब, मागची बाजू आखूड, आणि पर्यायांची यादी भलीमोठी. आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन हवं, टाका पैसे. डिस्क ब्रेक हवेत, टाका पैसे. जाहिरातीत आकडा झळकायचा तो मात्र सगळ्यात खालचा. दोन वर्षांच्या आत दहा लाख मस्टँग बनल्या. (हीच मस्टँग 2016 साली अधिकृतपणे आपल्याकडे आली तेव्हा तिची शोरूमची किंमत होती 65 लाख. व्ही-8 इंजिनासह असली, तरी मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर ती दिसली की ‘परवडणारी गाडी’ असं कुणाच्या मनातही येत नाही.)

त्याच 1964च्या हंगामात जनरल मोटर्सच्या पॉन्टियाक या शाखेनं वेगळी शक्कल लढवली. मधल्या आकाराच्या गाड्यांत 330 क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टियाकचे जॉन डिलोरियन आणि त्यांच्या माणसांनी 389 क्युबिक इंचांचं इंजिन ‘जीटीओ’ या नावाखाली टेम्पेस्ट गाडीवरचा ऐच्छिक पर्याय म्हणून विकायला काढलं, साधारण 295 डॉलर जादा घेऊन. नियम मॉडेलला होता, पर्यायाला नव्हता! जीटीओ हे नाव तर थेट फेरारीचं उचललेलं. विक्रीखात्याच्या हिशेबात पाच हजार गाड्या होत्या, पहिल्याच वर्षी 32 हजारांवर गेल्या. एका मोटार मासिकानं ही जीटीओ फेरारीच्या जीटीओशी तोलली आणि गाजावाजा झाला. मासिकाला चाचणीसाठी दिलेल्या गाडीत प्रत्यक्षात 421 क्युबिक इंचांचं इंजिन घातलं होतं, हे पॉन्टियाकच्या जाहिरातींमागचे जिम वँगर्स यांनी पुढं स्वतःच सांगून टाकलं.

पण 1968 उजाडेपर्यंत या गाड्या महाग होत गेल्या होत्या. उंची सीटं, चकचकीत पट्ट्या, लाकडासारखे दिसणारे डॅशबोर्ड. पेट्रोलपंपावर काम करणाऱ्या विशीतल्या पोराच्या हाती ते लागेना. प्लिमथनं नेमकं हेच हेरलं. रोड रनरमध्ये गालिचा नव्हता, रबराच्या चटया होत्या. पुढं बाकासारखी सलग सीट, आतला थाट एकंदर टॅक्सीचा. पैसा ओतला होता तो बॉनेटखाली: 383 क्युबिक इंचांचं, 335 हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि त्याचे हेड व कॅमशाफ्ट हे भाग कंपनीच्या त्याहून मोठ्या 440 इंजिनाचे. किंमत 2,896 डॉलर. म्हणजे तीन हजारांच्या आत!

आता एवढी काटकसर केलेली गाडी घेणाऱ्याला आपण गरिबाची गाडी घेतली असं वाटायला नको. तिथं तो पक्षी कामाला आला. हॉर्न दाबला की कार्टूनसारखं ‘बीप-बीप’ वाजायचं. पुढं पुढं तर हॉर्नला फिकट जांभळा रंग देऊन त्यावर ‘रोड रनरचा आवाज’ अशी चिकटपट्टी लावली जायची. बॉनेटखाली, कुणाला सहसा दिसणार नाही अशा जागी! मला या सगळ्या प्रकरणात हा हॉर्न सर्वांत हुशारीचा वाटतो. गालिच्यापेक्षा स्वस्त, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला ऐकू जाणारा. गालिचा नाही हे मग उणेपण राहिलंच नाही. उलट, ज्याला गालिचा लागतो त्याला गाडीतलं काही कळत नाही, असा रुबाब त्यातून आला. पहिल्या वर्षी 44 हजारांहून जास्त रोड रनर खपल्या, दुसऱ्या वर्षी 80 हजारांच्या वर.

पॉन्टियाकला हे झोंबलं. रोड रनरला उत्तर म्हणून स्वस्त जीटीओ काढायचं ठरलं. नाव घेतलं टीव्हीवरच्या एका लोकप्रिय विनोदी कार्यक्रमातल्या पालुपदावरून, ‘द जज’. भडक नारिंगी रंग, अंगावर पट्टे, मागं पंख. आणि हे सगळं चढवता चढवता ‘स्वस्त’ जज साध्या जीटीओपेक्षा 332 डॉलरनं महाग होऊन बसली. 1969 साली तिच्या सात हजारही खपल्या नाहीत. नावात विनोद होता, किमतीत नव्हता.

या खेळावर गदा आणली ती विमा कंपन्यांनी. 1970च्या सुमाराला वजनाच्या मानानं जास्त हॉर्सपॉवर असलेल्या गाड्यांवर, त्यातही चालवणारा तरुण असेल तर, हप्ता इतका वाढला की गाडी परवडायची पण विमा परवडेना. त्यात प्रदूषणाचे नियम आले, 1973 साली तेलाचं संकट आलं. इंजिनं लहान आणि मवाळ होत गेली.

प्लिमथनं पक्षी मात्र सोडला नाही. 1976पासून ‘रोड रनर’ हे व्होलारे नावाच्या साध्या कौटुंबिक गाडीवरचं एक पॅकेज झालं. पट्टे होते, चित्रं होती, रंग झगझगीत होते. 383चं इंजिन नव्हतं. 1980पर्यंत ती तशीच विकली गेली.

नमस्कार.