जुन्या घराचं वय कुठे बघायचं

जुन्या घराच्या व्हॅल्युएशनमध्ये सगळ्यात जास्त अन्याय होतो तो वयाच्या रकान्यात, म्हणून आज मी फक्त त्या एका रकान्याबद्दल बोलणार आहे. वयं दोन असतात. एक, बांधल्यापासून किती वर्षं झाली ते. दुसरं इफेक्टिव्ह एज, म्हणजे घराची आजची अवस्था आणि उपयोग बघून ते किती वर्षं वापरलेल्या घरासारखं आहे ते. घसारा, म्हणजे जुनं झाल्यामुळे कमी होणारी किंमत, काढायचा दुसऱ्या वयावरून, पण आपल्याकडे गोव्यात पुष्कळ जण पहिलाच आकडा दोन्हीकडे घालून मोकळे होतात.

हिशेबच करून दाखवतो. समजा फोंडा तालुक्यात चिऱ्याचं कौलारू घर आहे, 90 वर्षांचं, आज तसंच बांधायला 60 लाख लागतील, एकूण आयुष्य 60 वर्षं धरलं आणि शेवटी 10 टक्के मोडीची किंमत ठेवली. आता 90 वर्षं घातली की आयुष्य केव्हाच संपलं, घराचे उरले 6 लाख, बाकी किंमत फक्त जमिनीची. पण त्याच घराचं छप्पर मधे पूर्ण उतरवून नवीन वासे-रिपा घातल्यात, वायरिंग बदललंय, बाथरूम आत आलंय, भिंती कोरड्या आहेत आणि नीट बघितलं तर अजून 35 वर्षं सहज जाईल असं दिसतं, तर मग 60 मधून 35 गेले, इफेक्टिव्ह एज 25. मोडीचे 10 टक्के सोडून उरलेल्या 90 टक्क्यांचे 25/60, म्हणजे घसारा 37.5 टक्के, 22.5 लाख, घर उरलं 37.5 लाखांचं. कुठे 6 आणि कुठे 37.5! आपल्याकडे वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, चालू असते, एक भाऊ घर घेणार आणि बाकीच्यांना पैसे देणार, त्या वेळी हा फरक कोणाच्या तरी खिशातून जातो हो.

तर हे 25 आणायचे कुठून? अंदाजाने नाही. कौलारू घरात मी आधी छपराखाली जातो, आणि तुम्हीही जा, शिडी मागून घ्या. आढं वाकलंय का, वाशाची टोकं भिंतीत जिथे बसतात तिथे कुजलीत का, वाळवीच्या मातीच्या रेघा दिसतात का, लाकडात स्क्रू-ड्रायव्हर दाबला तर आत जातो का. दरवर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं काढून नीट परत बसवणं, होते का ते घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, कारण गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि फुटलेल्या एका कौलाने दोन-चार पावसाळ्यांत वासा जातो. कौलावरचा कारखान्याचा शिक्का बघून काही जण घराचं साल सांगतात, मंगळूरची कौलं 1865 पासून निघतायत खरी, पण कौलं उतरवून दुसऱ्या घरावर चढवणं आपल्याकडे कायम चालत आलंय, त्यामुळे शिक्का फक्त कौलाचं वय सांगतो.

मग भिंती. चिरा सच्छिद्र दगड आहे, ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, चुन्याच्या गिलाव्याला ते चालतं. आपण त्यावर सिमेंटचा गिलावा मारतो, वर प्लास्टिक पेंट, ओल कोंडते आणि वर चढत जाते, पोपडे निघतात. म्हणजे ज्या कामाला मालक रिनोव्हेशन म्हणतो त्याने घर कधीकधी म्हातारं होतं. नुसत्या रंगाने, नवीन टाइल्सने, फॉल्स सीलिंगने इफेक्टिव्ह एज एक वर्षानेही कमी करू नका. फॉल्स सीलिंगच्या वरचं दिसलं नाही तर दिसलं नाही असं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा.

आता उलटी बाजू, ही मला जास्त महत्त्वाची वाटते कारण इथे कोणाला संशयच येत नाही. किनाऱ्याजवळचा 1990 च्या आसपासचा आरसीसी बंगला घ्या. तेव्हाच्या म्हणजे 1978 च्या आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, स्लॅबच्या सळीवर 15 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, चालायचं, 2000 च्या आवृत्तीत किनारी हवेसाठी 45 मिलिमीटर आणि एम 30 दर्जाचं मजबूत काँक्रीट मागितलंय, यावरून समजून घ्या. खारी हवा आत शिरते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, त्याने काँक्रीट फुटून खाली पडतं. छज्ज्याखाली आणि बाथरूमच्या स्लॅबखाली सळीच्या रेषेत भेग दिसली, ठोकून पोकळ आवाज आला, तर 35 वर्षांच्या त्या बंगल्याला 50 लिहायलाही मी कचरत नाही. शेजारचं बाल्कांववालं, म्हणजे पुढे बसायचा ओटा असलेलं, जुनं घर त्याच्यापेक्षा तरुण निघू शकतं!

अवस्थेइतकाच उपयोगही बघायचा. संडास अजून मागच्या परसात आहे, खोल्या एकातून एक आहेत, गाडी आत येत नाही, हे सगळं गिऱ्हाईक मोजतं. आणि रस्ता. हॉटमिक्स डांबराचे थरावर थर चढून गावातले रस्ते इतके वर आलेत की कितीतरी घरांचं जोतं आता रस्त्याच्या खाली गेलंय, पाणी सरळ आत. मालकाची यात काही चूक नाही, पण घसारा बसतोच, फक्त तो बाहेरच्या कारणाचा म्हणून वेगळा दाखवा, इफेक्टिव्ह एजमध्ये मिसळलात तर एकच गोष्ट दोनदा वजा होईल.

जमलं तर आकडा बाजाराशी ताडून बघा. त्याच भागातलं तसंच घर विकलं गेलं असेल तर किमतीतून जमीन वजा करा, उरलेलं घराचं, ते नवीन बांधकामाच्या खर्चाशी लावलं की लोक घसारा किती धरतायत ते कळतं. पणजीतल्या फोंताइन्हाससारख्या कॉन्झर्वेशन झोनमध्ये, म्हणजे जुनी घरं जपायच्या भागात, तर हे कराच, कारण तिथे घर पाडून इमारत उठवायचा विचार करताच येत नाही, गिऱ्हाईक घरासाठीच पैसे देतं.

शेवटचं म्हणजे बंद घरं. मुलं परदेशात, किल्ली शेजाऱ्याकडे, असं घर राहत्या घरापेक्षा फार लवकर ढासळतं, शाकारणी होत नाही आणि गळती कोणाला कळतच नाही. तीन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टमधलं इफेक्टिव्ह एज उचलून त्यात तीन मिळवलं असं अशा घरात करू नका, परत जाऊन बघा, आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जा, मे महिन्यात सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात.